कटिंगला बसलेल्या माणसाला इतिहास कसा वाचायला लावायचा

धंदा आपला फ्लेक्स आणि डीटीपीचा. वाढदिवसाचे बॅनर, नवरात्राच्या कमानी, क्लासवाल्यांचे टॉपर, निवडणूक आली की रात्रंदिवस मशीन चालू, त्यामुळे नागपूरच्या भिंतींवर काय लागतं आणि किती दिवसात त्याचं पोतेरं होतं हे मला पक्कं माहिती आहे. इतिहासाशी संबंध दहावीपर्यंतचाच. पण माझी एक मैत्रीण ज्युनियर कॉलेजला इतिहास शिकवते आणि तिची नेहमीची तक्रार अशी की माणूस अजब बंगल्यात एकदा शाळेच्या सहलीला जातो आणि मग डायरेक्ट स्वतःच्या पोराला घेऊन जातो, मधली वीस-पंचवीस वर्षं कोरी. १८६३ पासूनचं म्युझियम आहे बाप्पा, पण समोरून रोज जाणारे आतमध्ये कधी गेले ते आठवून बघतात.

तर तिचं डोकं चाललं की लोक म्युझियमला येत नाहीत ना, ठीक आहे, ते जिथे रोज जातात तिथेच इतिहासाचा बोर्ड नेऊन लावू. सलून, पोह्याचा ठेला, सावजी भोजनालय, कापडाचं दुकान. एका दुकानात एकच गोष्ट, आणि ती त्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर घडलेली पाहिजे. ही हाकेच्या अंतराची अट तिची. तेव्हा मला ती उगाच मास्तरकी वाटली होती, कारण माझ्या हिशोबाने एक चांगलं डिझाईन करायचं आणि तेच पन्नास दुकानांत लावायचं, प्रिंटिंग स्वस्त पडतं. पण सगळं काम त्या अटीवरच उभं राहिलं हे आता मान्य करावंच लागेल.

आधी दुकानं निवडायची होती. माझं म्हणणं सरळ होतं, जिथे माणूस थांबतो तिथे लावायचं. किराण्यात कोणी थांबत नाही, नजर काट्यावर आणि तोंड हिशोबात. मेडिकलवाल्याकडे माणूस थांबतो पण तो टेन्शनमध्ये असतो, त्याला नागपूरकर भोसल्यांचं काय घेणं. मॉलमधल्या एका चेन दुकानात विचारलं तर मॅनेजर पोरगा चांगला होता बिचारा, पण म्हणे भिंतीवर खिळा ठोकायचा तरी मुंबईच्या ऑफिसातून मेल लागते. तो विषय तिथेच संपला. राहिलं सलून, आणि सलूनसारखी जागा नाही राजेहो. रविवारी सकाळी चार-पाच जण बाकावर, पेपर एकच, तोही वाटून घेतलेला, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाला तर मान हलवायचीही सोय नाही.

पहिलं सलून मिळालं महालात, गांधी गेटच्या आतल्या बाजूला. आता हा दरवाजा म्हणजे जुना जुम्मा दरवाजा, गोंड राजा चांद सुलतानच्या काळातला. बख्त बुलंद शाहने १७०२ च्या सुमारास राजापूर, हिवरी, सक्करदरा, लेंड्रा, फुटाळा, सीताबर्डी अशी बारा गावं मिळून नागपूर वसवलं, आणि त्याच्यानंतर चांद सुलतानने राजधानी इथे आणली, गावाभोवती कोट घातला, जुम्मा तलाव बांधला, ज्याला नंतर शुक्रवारी तलाव आणि आता गांधीसागर म्हणतात. भोसले आले ते त्याच्याही नंतर. हे सगळं मैत्रिणीने लिहून आणलं, दोन फुलस्केप पानं. मी म्हटलं हे पाठवायचं असेल तर वर्तमानपत्राला पाठव, भिंतीवर चाळीस-पन्नास शब्दांच्या वर माणूस वाचत नाही, त्यातही पहिली ओळ प्रश्न पाहिजे. खूप वादावादी झाली. शेवटी पहिली ओळ ठरली : "तुम्ही आत्ता कोटाच्या आत बसला आहात की बाहेर?" आणि खाली छोटा नकाशा, त्यात दरवाजा, तलाव आणि हे सलून लाल ठिपक्याने.

आता गंमत ऐका. सलूनवाल्या दादांनी बोर्डाला जी भिंत दिली ती बाकाच्या मागची, म्हणजे आरशासमोरची. बाकावर बसलेल्यांच्या पाठीमागे बोर्ड, त्यांना तो दिसतच नाही, आणि खुर्चीतल्या माणसाला आरशात दिसतो पण उलटा. दुसरी भिंत नाही, एका बाजूला शटर आणि दुसऱ्या बाजूला देव, फॅन, आणि मशीनचं चार्जिंग. मैत्रीण हिरमुसली. पण आपल्या धंद्यात कॉफीच्या मगवर किंवा टीशर्टवर छापायचं असलं की कागदावर प्रिंट उलटीच काढावी लागते, ट्रान्सफर झाली की सरळ होते. म्हटलं इथेही तेच करू, सगळा बोर्डच उलटा छापू. कोरल या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक क्लिक. दादा आधी म्हणाले, "लोकं म्हणतील यायले छापता बी येत नाही," पण लावून बघायला तयार झाले.

लागला आणि पहिल्याच रविवारी काय झालं माहीत आहे का, खुर्चीतला माणूस आरशात वाचतोय, आणि तो काय वाचतोय म्हणून बाकावरचे मागे वळून बघताहेत, तर भिंतीवर उलटी अक्षरं, मग पुन्हा आरशाकडे. एक शाळकरी पोरगं मोठ्याने वाचत होतं आणि त्याचे बाबा त्याला चांद सुलतान कोण ते सांगत होते, थोडं चुकीचं सांगत होते पण सांगत होते. दादांनी मग कैची थांबवून ते दुरुस्त केलं. दादा! ज्यांनी महिन्याभरापूर्वी मला विचारलं होतं की हा बख्त बुलंद मुसलमान होता की गोंड. उत्तर असं की गोंडच, देवगडच्या गोंड घराण्यातला, औरंगजेबाच्या दरबारात जाऊन मुसलमान झालेला, पण आता दादा हे गिऱ्हाइकाला तासभर सांगू शकतात, आणि दाढी पाच मिनिटात होते म्हणून त्यांना थोडं वाईटही वाटतं.

तिथून आमची एक पद्धत पडली. बोर्ड लावायच्या आधी दुकानदारासोबत दोन-तीनदा बसायचं, चहा घ्यायचा आणि त्याला ती गोष्ट तोंडी सांगता येते का बघायचं. त्याला येत नसेल तर बोर्ड लावण्यात मजा नाही, कारण बोर्ड वाचून माणूस पहिला प्रश्न गल्ल्यावरच विचारतो. आणि फुकट द्यायचं नाही. मैत्रिणीला हे पटत नव्हतं, समाजकार्य वगैरे, पण मी धंद्यात आहे, फुकट दिलेली वस्तू दिवाळीच्या पुताईत भिंतीवरून उतरते आणि परत चढत नाही. अर्धे पैसे दुकानदाराचे, तो खिळा पण स्वतः ठोकतो.

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीला, टेकडीच्या खाली एक तर्री पोह्याचा ठेला आहे, सकाळी सहापासून गर्दी. तिथला विषय आधीच ठरलेला होता. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला याच टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज भिडले, इंग्रजांचा दरबारातला प्रतिनिधी, रेसिडेंट जेन्किन्स, टेकडीवर, भोसल्यांच्या फौजेतल्या अरबांनी छोटी टेकडी घेतलीही होती, पण ती पुन्हा हातची गेली आणि लढाईसोबत नागपूरचं राज्यही गेल्यात जमा झालं. पुढे तिसरे रघुजी १८५३ मध्ये औरस वारस न ठेवता गेले आणि डलहौसीने उरलंसुरलं खालसा केलं ती पुढची गोष्ट. आता टेकडीवरचा किल्ला लष्कराकडे आहे, सामान्य माणसाला २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असा वर्षातून तीनदाच आत जाता येतं, बाकीचे दिवस टेकडी गणपतीला हात जोडायचे आणि वर बघून पुढे जायचं. म्हणजे ज्या टेकडीने नागपूरचं नशीब फिरवलं तिच्याबद्दल सांगायला वर्षभर उघडी असलेली जागा कोणती, तर खालचे ठेले आणि मोबाईल कव्हरची दुकानं.

ठेलेवाला भाऊ हे ऐकून म्हणाला, "म्हणजे मी रोज लढाईच्या मैदानात पोहे इकून राहिलो का?" मी म्हटलं होय. तर त्याला इतका आनंद झाला की त्याने लगेच विचारलं, बोर्डावर तसंच लिहाल का. लिहिलं. तीच पहिली ओळ झाली, त्याच्या नावासकट.

पण खाण्याच्या जागेचं तंत्र वेगळं. मैत्रिणीला बोर्डावर क्यूआर कोड पाहिजे होता, स्कॅन केला की सविस्तर माहिती. मी तिला ठेल्यावर नेऊन उभं केलं आणि हातात प्लेट दिली. एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात चमचा, तर्री सांडू नये म्हणून सगळं लक्ष तिथे, मोबाईल काढणार कोणत्या हाताने? आणि ठेल्यावर एक कोड आधीच लागलेला असतो, पैशाचा. दोन कोड लावले तर कोणीतरी पोह्याचे पैसे पाठवायला इतिहासच स्कॅन करत बसेल. कोड कॅन्सल. बोर्ड लागला रांगेच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, कारण ऑर्डर देईपर्यंत हात रिकामे असतात.

शिवाय तेलाची वाफ. साधं लॅमिनेशन पंधरवड्यात चिकट, कडा सुटायला लागतात, त्यावर ओलं फडकं मारलं की रंग धुरकट. पाच एमएमचा सनबोर्ड म्हणजे फोमची कडक शीट, त्यावर व्हिनाईल, आणि वरून अॅक्रिलिकची शीट चार स्क्रूने कसून, हे पुरतं. डबल टेप वापरूच नका. थंडीत मस्त धरते, पण मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस आणि आत डेझर्ट कूलरची ओली हवा, टेप दुपारच्याला जीव सोडते. सलूनमध्ये कूलर असतोच असतो, तिथे ड्रिल मशीनच काढायची.

सावजीकडे मात्र वेगळाच अनुभव आला. जुन्या वस्तीतलं छोटं भोजनालय, चार टेबलं, मटणाचा वास गल्लीच्या तोंडापासून. हलबा कोष्टी समाजाची विणकरी, हातमाग, मग गिरण्या, आणि विणकरी मागे पडत गेली तसं घरचं जेवण हाच अनेकांचा धंदा झाला, ही गोष्ट त्या घराचीच होती, आम्ही काय सांगणार. मालक काकाजींनी मजकूर वाचला आणि कागद परत दिला. म्हणे हे सगळं 'समाज' 'समाज' लिहिलं आहे, माझा आजा कुठे आहे यात? मग बसले आणि सांगत गेले, घरात माग कोणत्या खोलीत होता, खड्ड्यात पाय सोडून आजोबा कसे बसायचे, तो खड्डा नंतर बुजवला तिथेच आता भट्टी आहे. ती भट्टी आम्ही बघितली. फरशीचा तो चौकोन आजही थोडा खचलेला आहे, पाणी टाकलं की तिथेच जमतं. बोर्ड बदलला. मधोमध मोठ्या अक्षरात : "इथे माग होता."

तिथेच जेवायला येणारे एक म्हातारे बाबाजी, एम्प्रेस मिलमध्ये आयुष्य काढलेले. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला, व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाली त्याच दिवशी, मिल सुरू केली म्हणून नाव एम्प्रेस, हे मैत्रिणीने बोर्डावर टाकलं होतं. बाबाजी म्हणाले, ते ठीक आहे, पण भोंग्याचं काय? भोंगा झाला की अर्धं शहर घड्याळ लावायचं. आणि पेन्शनचं लिहा म्हणे. खरंच आहे, १८८६ मध्ये तिथे कामगारांचा पेन्शन फंड सुरू झाला आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, सरकारने कायदे करायच्या कितीतरी आधी. लिहिलं. आता मिलच्या जागेवर एम्प्रेस नावाचाच मॉल आहे. बाबाजी तिथे एकदाच गेले, नातवासोबत, आणि सरकत्या जिन्यावर उभं राहून त्याला सांगत होते की इथे साधारण कोणतं खातं असेल. अशा माणसाला टेबल द्यायचं आणि बिल घ्यायचं नाही असं काकाजींनी ठरवून टाकलं आहे, हे मात्र आमच्या कामात नव्हतं.

मग इतवारी. इतवारीचा व्यापारी सगळं ऐकून घेतो, मान हलवतो, आणि शेवटी एकच विचारतो, "इससे ग्राहकी बढ़ेगी क्या?" आम्ही खरं सांगितलं की माहीत नाही. त्या शेठना मी जमशेटजींचा एक किस्सा सांगितला, जो मिलच्या बाबतीत नेहमी सांगतात. मिलसाठी त्यांनी स्टेशनजवळची दलदलीची जागा घेतली तेव्हा इथल्या एका मारवाडी सावकाराने पैसे द्यायला नकार दिला, म्हणे हा माणूस जमिनीत सोनं गाडतोय, आणि पुढे मिल चालली तेव्हा त्यानेच कबूल केलं की सोनं गाडलं नाही, माती टाकून सोनं काढलं. शेठ खूप हसले आणि म्हणाले हा किस्साच लावा. म्हटलं शेठजी, मिल तिकडे, तुमचं दुकान इकडे, हाकेच्या अंतरात बसत नाही. तुमच्या दारावरून तर मारबत जाते.

मारबत म्हटल्यावर मात्र दुकानातली सगळीच माणसं बोलायला लागली, माल दाखवणाऱ्या पोरांपासून. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी अशा दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, सोबत बडगे म्हणजे आणखी पुतळे, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, ज्याचा राग आला त्याचा, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" म्हणत अख्खं शहर रस्त्यावर. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, नेहरू पुतळ्याजवळ दोघींची गाठ पडते. आता काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बांकाबाई, असं इथे लहानपणापासून ऐकलेलं. मैत्रीण अडली. म्हणे बांकाबाई भोसले घराण्यातली खरी बाई, काळी मारबत निघायला लागली तेव्हा तिला जाऊन वीस वर्षांच्या वर झालेली, लोक म्हणतात ते लोक म्हणतात म्हणूनच लिहायचं. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने वाद घातला, अर्धा तास, साडी तशीच काउंटरवर उघडी. त्या वादातून एक चांगली गोष्ट निघाली : कागदपत्रात आहे ते काळ्या अक्षरात, सांगोवांगी आहे ते विटकरी अक्षरात, आणि खाली एका ओळीत हे स्पष्ट केलेलं. आता सगळे बोर्ड तसेच करतो. लोकांना विटकरी भाग जास्त आवडतो हा भाग वेगळा.

याच शेठकडे कपाटाच्या वर एक बांधलेलं गाठोडं निघालं. जुनी बिलबुकं, रेल्वेच्या बिल्ट्या, आणि एक लेटरहेड, त्याच्यावर दुकानाचा टेलिफोन नंबर तीन आकडी. तीन! वरच्या कोपऱ्यात लक्ष्मी, तिच्या पायाशी शाईचा डाग, आणि खाली देवनागरीत लांबलचक मोडीच्या वळणाची सही. शेठना स्वतःलाच हे माहीत नव्हतं, वडिलांनी बांधून ठेवलेलं. मी ते लेटरहेड स्कॅन करून मोठं केलं आणि मारबतीच्या बोर्डाशेजारी लावलं, आणि खरं सांगू, लोक मारबतीपेक्षा तिथे जास्त वेळ थांबतात. तीन आकडी नंबर बघून प्रत्येक जण आपल्या आज्याचा नंबर आठवायला लागतो. ग्राहकी वाढली का हे शेठ सांगत नाहीत, पण बोर्डावर लाईट स्वतःच्या खर्चाने लावला, त्यावरून मी समजून घेतो.

फोटोंचं थोडं सांगतो कारण सगळे विचारतात. इंटरनेटवरून उचलून छापायचं नाही. आपल्या कायद्यात फोटोवरचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं असतो, साठ वर्षांहून जुनं असेल तर मोकळं, त्याहून नवं असेल तर ज्याचं त्याला विचारायचं. घरचे फोटो असतील तर घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारायचं, पोराने हो म्हटलं म्हणून चालत नाही, नंतर आजी येऊन बोर्ड काढायला लावते. आणि जिवंत नेत्याचा फोटो कोणत्याही परिस्थितीत नाही. एका वस्तीत एक भाऊ सगळ्या बोर्डांचे पैसे द्यायला तयार होते, फक्त वरच्या कोपऱ्यात 'सौजन्य' आणि हात जोडलेला फोटो. धंद्याच्या सवयीने मी माप विचारणारच होतो. मैत्रिणीने टेबलाखालून पाय दाबला.

बाहेर लावायचं नाही हेही ठरलेलं. बाहेर बोर्ड म्हटला की परवानगी आली, शेजारचा दुकानदार आला, आणि पाऊस आला. आत लावला की दुकानदाराची भिंत, त्याचा शब्द.

सध्या एका चहाटपरीचं काम सुरू आहे, इतवारी स्टेशनच्या बाजूची. इथून छिंदवाड्याला नॅरो गेज जायची, २०१५ मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, आणि टपरीवाल्या मामाजींनी त्या गाडीच्या ड्रायव्हर-गार्डला वर्षानुवर्षं चहा पाजला आहे. मजकूर तयार आहे, मामाजींना तोंडपाठ आहे, अॅक्रिलिकही कापून ठेवलं. अडलं आहे ते फोटोपाशी. मामाजींचा हट्ट की इंजिनचा फोटो नको, तो सगळ्यांकडे असतो, गाडीचं पुठ्ठ्याचं तिकीट पाहिजे, इतवारी ते छिंदवाडा छापलेलं. कोणाच्या घरी जुन्या पाकिटात, पोथीत, कुठेही असेल तर मूळ तिकीट नको, दोन्ही बाजूंचा साफ फोटो पुरे, सपाट जागेवर ठेवून दिवसाच्या उजेडात काढा, फ्लॅश मारू नका, चमकतं. चहा मामाजींकडून.